केनेडी स्मारकाच्या भिंती जमिनीला का टेकत नाहीत?

प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेतल्या डलास शहरात राष्ट्राध्यक्ष जॉन एफ. केनेडी यांचं स्मारक आहे, म्हणजे छप्पर नसलेली पांढऱ्या काँक्रीटची चौकोनी खोली. आत एक काळसर दगड. पुतळा नाही, चित्र नाही. हे काम अर्धवट सोडलंय का? आणि इतक्या साध्या वस्तूची 2000 साली दुरुस्ती कशाला करावी लागली?

काम अर्धवट नाही. उलट, जे नाहीये तेच अगदी मोजूनमापून ठेवलंय. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे. पुतळ्याचं नाक झिजलं तरी माणूस ओळखू येतो. इथे ओळखायला चेहराच नाही. आहेत त्या फक्त कडा, सांधे आणि मोकळ्या जागा. त्या बिघडल्या की स्मारक जातं आणि मागे काँक्रीटचा खोका उरतो.

आधी मापं सांगतो, कारण इथे मापं म्हणजेच आशय. खोली 50 फूट गुणिले 50 फूट, म्हणजे सुमारे 15 मीटर चौरस. उंची 30 फूट, म्हणजे 9 मीटरच्या थोडी वर. भिंती 72 पांढऱ्या प्रीकास्ट (आधी साच्यात ओतून आणलेल्या) खांबांच्या, एकाला एक लावून उभ्या केलेल्या. त्यातले 64 खांब जमिनीपासून 29 इंचांवर, म्हणजे साधारण 74 सेंटिमीटरवर थांबतात. प्रत्येक कोपऱ्यातले दोन, असे फक्त आठ खांब जमिनीला टेकतात. उत्तरेला आणि दक्षिणेला एकेक अरुंद फट आहे, तीच दारं. मधोमध आठ फूट चौरस गडद ग्रॅनाइट आहे. बसायला मोठं, टेबल म्हणावं तर बुटकं. त्याच्या उत्तर आणि दक्षिण अंगाला सोनेरी अक्षरांत ‘जॉन फिट्झजेरल्ड केनेडी’ एवढं कोरलंय. कुठल्याही दाराने आत या, समोर नाव येतं. आत दुसरा शब्द नाही. स्पष्टीकरणाचा मजकूर बाहेर, रस्त्यांच्या बाजूला, वेगळ्या दगडांवर आहे.

हा प्रकार म्हणजे सेनोटाफ, रिकामी समाधी. केनेडींचं दफन व्हर्जिनियात आर्लिंग्टनला झालं. डलासमध्ये 22 नोव्हेंबर 1963 रोजी त्यांची हत्या झाली ती डीली प्लाझात, इथून जेमतेम 200 यार्डांवर. आराखडा वास्तुविशारद फिलिप जॉन्सन यांचा. ते केनेडी कुटुंबाचे स्नेही होते आणि आराखड्याला केनेडींच्या पत्नी जॅकलिन यांची संमती होती. जागा काउंटीने (तिथल्या जिल्हा प्रशासनाने) दिली, दोन लाख डॉलरचा खर्च सुमारे 50,000 लोकांच्या देणग्यांतून निघाला आणि 24 जून 1970 रोजी स्मारक खुलं झालं. मधल्या काळात जागेखाली भूमिगत पार्किंग बांधलं गेलं, म्हणून उशीर झाला. हे पार्किंग लक्षात ठेवा. पुढच्या निम्म्या कटकटी तिथूनच येतात.

जॉन्सन यांना शहरापासून वेगळी, पण आकाश आणि जमीन यांच्याशी जोडलेली, शांतपणे विचार करायची जागा हवी होती. वाक्य सुंदर आहे, पण ते काँक्रीटमध्ये उतरवायचं कसं? छप्पर काढलं की आकाश मिळालं. भिंत उचलली की जमीन मिळाली. किती उचलायची, खरा निर्णय तिथे आहे.

29 इंच ही जवळजवळ जेवणाच्या टेबलाची उंची. उभ्या माणसाच्या मांडीपर्यंत येते. त्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला आतल्या माणसांचे पाय दिसतात, धड आणि चेहरा दिसत नाही. आतल्याला रस्त्यावरच्या गाड्यांची चाकं आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचे बूट दिसतात, शहर दिसत नाही. फट 15 सेंटिमीटरची असती तर ती बांधकामातली चूक वाटली असती. दीड मीटरची असती तर भिंत उरलीच नसती, लोक वाकून खालून ये-जा करू लागले असते. 74 सेंटिमीटरखालून मूल सहज जातं, मोठं माणूस सहसा जात नाही. दोन दारं आहेत म्हणून लोक दारानेच येतात, कुंपण लागत नाही.

आता भिंत तरंगते कशी, ते बघू. पुढचा हिशोब नुसता अंदाजासाठी आहे, प्रत्यक्ष नकाशातले आकडे नाहीत. भिंतीची जाडी अर्धा मीटर धरू. तरंगत्या भागाची उंची सुमारे 8.4 मीटर. काँक्रीट घनमीटरला 2.4 टन. म्हणजे भिंतीच्या दर मीटर लांबीला दहा टन, एका बाजूला दीडशे टन, चारही बाजू मिळून सहाशेच्या आसपास. हे सगळं आठ पायांवर, म्हणजे पायाला साधारण 75 टन.

पूर्व आणि पश्चिमेच्या भिंती अखंड आहेत. त्या दोन कोपऱ्यांवर टेकलेल्या खोल तुळईसारख्या वागतात: वर दाब, खाली ताण. उत्तर-दक्षिणेच्या भिंती मात्र फटीने मधोमध चिरल्यात. फट वरपर्यंत उघडी आहे, वर लिंटल (दारावरची आडवी तुळई) नाही. म्हणून प्रत्येक अर्धी भिंत कोपऱ्यातून बाहेर काढलेल्या कँटिलिव्हरसारखी, म्हणजे एकाच टोकाला धरलेल्या तुळईसारखी. तिथे उलटं होतं: वर ताण, खाली दाब. आकडे बघा. अखंड भिंतीचा वाकवणारा आघूर्ण, दर मीटर वजन गुणिले लांबीचा वर्ग भागिले आठ, सुमारे 280 टन-मीटर येतो. सात मीटर लांबीच्या अर्ध्या भिंतीचा, भागिले दोन या सूत्राने, 245. म्हणजे अर्धी लांबी असूनही ताण जवळपास तेवढाच, फक्त जागा बदललेली. सगळ्या भिंतींना एकच तपशील वापरणारा इथे फसतो.

भिंत इतकी उंच असल्यामुळे नुसत्या वाकण्यासाठी फार पोलाद लागत नाही. तरफेचा हात, म्हणजे दाब आणि ताण यांच्यातलं उभं अंतर, पाचेक मीटर धरला तर ताण 55-60 टन येतो. 12.7 मिलिमीटरच्या एका स्ट्रँडला (पोलादी तारांच्या पिळाला) कामापुरते अकरा टन धरले तर सहा स्ट्रँड पुरतात. पण वेगवेगळे खांब एकमेकांना धरून राहतात ते सांध्यावरच्या घर्षणाने. कोपऱ्याजवळच्या सांध्यावर 75 टन खाली सरकू पाहतात. घर्षणाचा गुणांक 0.6 धरला तर सांधा 125 टनांनी आवळून ठेवावा लागतो, म्हणजे अकरा-बारा स्ट्रँड, वर राखीव वेगळे. तात्पर्य, अशा भिंतीत वाकणं दुय्यम, पोलाद किती लागेल ते घसरणं ठरवतं. खांबांतून आडव्या नळ्या ओवायच्या, त्यांतून स्ट्रँड घालायचे, जॅकने ताणून टोकाला अँकर (पकडणारी खिट्टी) बसवायचे आणि नळीत ग्राउट (सिमेंटचं पातळ मिश्रण) भरायचं. यालाच पोस्ट-टेन्शनिंग म्हणतात. ग्राउट अर्धवट भरलं तर नळीत हवेचा खिसा राहतो, तिथे पाणी साचतं आणि स्ट्रँड आतून गंजतो. बाहेरून काही दिसत नाही. सळई गंजताना निदान काँक्रीट फुटून इशारा देते. ताणलेली तार तो शिष्टाचार पाळत नाही.

आणखी एक बाब आराखडा बघून पटकन लक्षात येत नाही. दोन फटींमुळे खोलीचे दोन भाग होतात, प्रत्येक भाग कंसासारखा. कंसाचं वजन त्याच्या पाठीपेक्षा थोडं आत पडतं, कारण दोन्ही हात आतल्या बाजूला पसरलेत. पाय मात्र पाठीच्या टोकांना, कोपऱ्यात. म्हणून दोन्ही भाग एकमेकांकडे झुकू पाहतात. पाय नुसते टेकवून चालत नाही, खालच्या बांधकामात घट्ट बांधावे लागतात. आणि खाली आहे पार्किंग. स्मारकाचा पाय आणि पार्किंगचा खांब किंवा जाड तुळई यांची रेषा जुळवावी लागते. नुसत्या स्लॅबवर 75 टन कोणी ठेवत नाही.

भिंतीचं खाली झुकणं डोळ्यांना दिसतं ते दाराशी. खांबांच्या दर्शनी बाजूला, कोपऱ्यांत आणि दारांपाशी, काँक्रीटच्या गोल चकत्यांच्या रांगा आहेत. सगळ्या एकसारख्या, एका रेषेत. टीकाकार या भिंतींना लेगोचे ठोकळे म्हणतात ते बहुधा याच चकत्यांमुळे, आणि ते अगदीच चुकीचं नाही. पण त्या चकत्या नकळत पातळीपट्टीचं काम करतात. फटीच्या डावीकडचा हात दहा मिलिमीटर खाली आला आणि उजवीकडचा पाच, तर समोरासमोरच्या दोन चकत्यांची रेषा मोडते आणि ते अभियंता नसलेल्यालाही खटकतं. कँटिलिव्हर बसवताना टोक थोडं वर ठेवतात ते एवढ्यासाठी: काँक्रीट वर्षानुवर्षं सावकाश वाकत राहतं, पहिल्या दिवशीची पातळी दहाव्या वर्षी राहत नाही.

खांब बसवतानाही असंच. प्रत्येक खांब दोन मिलिमीटर जाड निघाला तर बाजूला सुमारे अठरा खांब धरता शेवटी 36 मिलिमीटर जागा कमी पडते. म्हणून कोपऱ्यापासून सुरू करून दाराकडे जायचं आणि सांध्यात थोडी थोडी चूक जिरवत न्यायची, सगळी शेवटच्या सांध्यात ढकलायची नाही. दोन शेजारच्या खांबांत तीन मिलिमीटरचा पुढेमागेपणा दुपारी दिसत नाही. संध्याकाळी ऊन भिंतीला घासून येतं तेव्हा त्याची काळी रेघ वरपासून खालपर्यंत उमटते. अशा कामाची तपासणी सकाळी लवकर किंवा सूर्यास्ताआधी करतात.

बिघडतं काय? पांढऱ्या काँक्रीटचा पहिला शत्रू पाऊस, आणि तोही सरळ पडणारा नव्हे, ओघळणारा. भिंतीच्या माथ्यावर धूळ आणि काजळी साठते, पावसात ती धुऊन ठरावीक वाटांनी खाली येते. माथ्याचा उतार आतल्या बाजूला नसेल तर दर्शनी बाजूला काळे पट्टे पडतात. चकत्यांखाली दोन मिशा उमटतात: चकतीवर पडलेलं पाणी दोन्ही कडांनी उतरतं. सतत सावलीत राहणाऱ्या बाजूवर शेवाळ धरतं. हे पट्टे करड्या काँक्रीटवर चालून जातात. पांढऱ्यावर, आणि तेही नुसत्या कडांवर उभ्या असलेल्या रचनेत, डोळा पट्ट्याकडेच जातो आणि भिंतीचं तरंगणं विसरलं जातं.

साफसफाईत सगळ्यात जास्त नुकसान होतं ते घाईने. जोराच्या पाण्याने भिंत एका दिवसात पांढरीशुभ्र होते, कारण वरचा सिमेंटचा पातळ थर निघून जातो. पुढच्या वर्षी खरखरीत झालेल्या पृष्ठभागावर घाण दुप्पट वेगाने बसते. हायड्रोक्लोरिक आम्ल त्याहून वाईट: सिमेंट खातं, वाळू उघडी पाडतं आणि मागे क्लोराइड सोडतं, ते सळईपर्यंत पोचतं. रीत अशी: आधी नजरेआडच्या जागी अर्धा मीटर चौरसाचे तीन-चार नमुने करायचे. सगळ्यात सौम्य उपायापासून सुरुवात, साधं पाणी आणि मऊ नायलॉनचा ब्रश. मग सौम्य, आम्ल नसलेला साबण. शेवाळासाठी बायोसाइड (शेवाळ मारणारं औषध), आणि ते लावून लगेच धुवायचं नाही, काम करायला वेळ द्यायचा. पाण्याचा दाब 30 बारच्या आत, पंख्यासारखा पसरणारा नोझल, भिंतीपासून हातभर लांब. खालचा भाग आधी ओला करून घ्यायचा, नाहीतर वरचं मळकं पाणी कोरड्या काँक्रीटमध्ये शोषलं जाऊन नवे पट्टे पडतात. नमुना पूर्ण वाळल्याशिवाय निकाल लावायचा नाही. ओलं काँक्रीट कधी खरं बोलत नाही.

दुसरा शत्रू कार्बोनेशन. हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटचा अल्कलीपणा हळूहळू खाली आणतो. तो थर सळईपाशी पोचला की गंज सुरू होतो, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा मागतो. तपासायला बारीक छिद्र पाडून ताज्या कडेवर फिनॉल्फ्थॅलिन फवारतात. गुलाबी झालं ते अजून सुरक्षित, रंग न आलेला भाग गेलेला. त्यासोबत कव्हरमीटर या यंत्राने सळई किती खोल आहे ते मोजतात आणि हातोडीने ठोकून पोकळ आवाज येतो तिथे खडूने खूण करतात. तरंगत्या खांबांच्या खालच्या कडा इथे सगळ्यात नाजूक. ओघळलेलं पाणी शेवटी तिथेच थांबतं. खालच्या अंगाला ड्रिपची (थेंब तिथेच गळून पडावा म्हणून ठेवलेली) खाच नसेल तर थेंब आतल्या बाजूला सरकून खांबाच्या तळाशी असलेल्या दिव्याच्या खोबणीत जातो.

ठिगळ लावणं ही कला आहे आणि बहुतेकदा फसते. कडा करवतीने किमान दहा मिलिमीटर खोल, सरळ कापायच्या. निमुळती झालेली कड दोन वर्षांत पापुद्र्यासारखी सुटते. सळई उघडी पडली असेल तर तिच्या मागेही दोन सेंटिमीटर काँक्रीट काढायचं, नाहीतर गंज मागून चालूच राहतो. रंग जुळवायचा तो धुतलेल्या भिंतीशी, मळलेल्या भिंतीशी नाही. हा क्रम उलटा झाला की सफाईनंतर भिंत उजळते आणि ठिगळं डागांसारखी उठून दिसतात. तीन दशकं उन्हापावसात राहिलेलं पांढरं काँक्रीट पांढरं नसतं, किंचित पिवळट-राखाडी असतं. नवं पांढरं सिमेंट त्यात भगदाडासारखं चमकतं. वाळूचा रंग, थोडं करडं सिमेंट, वेगवेगळे घासलेले पृष्ठभाग असे आठ-दहा नमुने ओतून, 28 दिवस ठेवून, उन्हात, सावलीत, ओले आणि कोरडे असे सगळे बघायचे.

सांध्यांबद्दल थोडक्यात, पण हे चुकवू नका. 40 अंश सेल्सिअसच्या फरकाला 15 मीटर काँक्रीटची लांबी सुमारे सहा मिलिमीटर बदलते. सीलंट (रबरासारखं लवचीक भरण) भरलेला सांधा ही हालचाल झेलतो. आत बॅकर रॉड (फोमची गोल दोरी) बसवून सीलंटची खोली रुंदीच्या निम्मी ठेवायची आणि ते फक्त दोन बाजूंना चिकटू द्यायचं. मागेही चिकटलं तर ताण पडताच फाटतं. काही सिलिकोन सीलंटमधलं तेल सच्छिद्र काँक्रीटमध्ये झिरपतं आणि सांध्याच्या दोन्ही बाजूंना मळकट पट्टी येते, ती धुऊन जात नाही. पांढऱ्या कामाला डाग न पाडणारं सीलंट मागायचं आणि त्याचाही नमुना लावून बघायचा.

पार्किंगच्या छताचं काय? तिथला जलरोधक थर कधीतरी बदलावाच लागतो. त्यासाठी वरची फरसबंदी उचलावी लागते, आणि इथे फरसबंदीही रचनेचा भाग आहे: खोली एका बुटक्या काँक्रीटच्या उंचवट्यावर असून त्यावर एकात एक चौकोन उमटवलेत. उचलण्याआधी प्रत्येक तुकड्याला क्रमांक द्यायचा, फोटो काढायचे. सर्वाधिक गळती होते ती पाय छतातून जातात त्या आठ जागी. थर पायाभोवती वर चढवून, वरून पट्टीने दाबून घ्यावा लागतो. आणि नऊ मीटरवर काम करायला बूम लिफ्ट (माणसाला वर उचलणारी हाताची गाडी) आणाल तर ती सहा-सात टनांची असते. तिच्या चाकाचा भार छताला झेपतो का, हे आधी लेखी घ्या. नाहीतर मचाण बांधा; ते हळू होतं, पण खाली गाड्या उभ्या असतात.

आता दिवे. प्रत्येक खांबाच्या तळाशी दिवा आहे, म्हणून रात्री भिंत उजेडावर उभी असल्याचा भास होतो. एक दिवा गेला की हसऱ्या तोंडातला दात पडल्यासारखं दिसतं. त्याहून वाईट म्हणजे गेलेल्या दिव्याच्या जागी हाताला आला तो लावणं: शेजारी पिवळसर, हा निळसर, आणि अख्खी ओळ फाटते. एकाच उत्पादनाचे, एकाच रंग-तापमानाचे दिवे राखीव ठेवायचे आणि जुने झाले की बाजूची पूर्ण रांग बदलायची. दिवा खोबणीत इतका आत हवा की बुटक्या माणसाला किंवा मुलालाही उघडा बल्ब दिसू नये. एकदा बल्ब दिसला की भास संपला.

दगडावरची अक्षरं सोनेरी आहेत ती पांढऱ्या भिंतींचा आणि फिकट जमिनीचा उजेड पकडण्यासाठी. ब्राँझच्या भुकटीचा स्वस्त सोनेरी रंग काही हंगामांत तपकिरी होतो. अक्षरं पुन्हा रंगवताना आधी जुना थर पूर्ण काढायचा. थरावर थर चढला की कोरीव अक्षराची धार बुजते, आणि ‘केनेडी’ लांबून रंगवलेलं वाटतं, कोरलेलं नाही.

1999 ते 2000 च्या सुमारास इथे दुरुस्ती झाली ती जॉन्सन हयात असताना, त्यांच्या मूळ कल्पनेला धरून झाली. ही चैन सगळ्याच स्मारकांना मिळत नाही.

आजूबाजूचा परिसर या रचनेला साथ देत नाही, हेही मान्य करायला हवं. शेजारीच 1892 चं लाल दगडाचं जुनं न्यायालय मनोऱ्यांसकट उभं आहे, आणि त्यापुढे भर रस्त्यातली पांढरी खोली दिवसा जरा केविलवाणी दिसते. राजघाटावरच्या काळ्या चौथऱ्याला भोवतीची हिरवळ आणि अंतर मिळालंय. इथे एक सबंध चौक मिळाला, पण त्याच्या चारही बाजूंना वाहतूक आहे. म्हणून तिथे गेलात तर दुपारी बाहेरून फोटो काढून परतू नका. अंधार पडल्यावर मेन स्ट्रीटकडून, म्हणजे उत्तरेच्या फटीतून आत जा, दगडापाशी थांबा आणि भिंतींच्या खालून बाहेर बघा.